काकडीकाकूचं औषध

रस्त्याने जाताना शेतात पाठीला पंप बांधलेली, तोंडाला फडकं गुंडाळलेली बाई दिसली, की तुम्ही गाडीची काच वर करता की नाही? खरं सांगा. लाजू नका, मीही तेच करायचो. माझ्याकडे गाडी नाही, सायकल आहे. म्हणून श्वास कोंडून चार पायडल जोरात मारायचो आणि पुढे गेल्यावर त्या बाईला एक शिवी हासडायचो. गाडीवाले शिवी देत नाहीत. ते घरी जातात, हात धुतात आणि कुणी तक्रारीचा कागद पुढे केला की खाली सही ठोकतात.

ज्या बाईबद्दल मी लिहितोय तिला अख्खा बाजार काकडीकाकू म्हणतो. भाजीबाजारात सात नंबरचा ओटा तिचा, चोवीस वर्षं. कमरेएवढा सिमेंटचा कट्टा, वर पत्रा, मागे गळका नळ. ओट्यावर काकड्या, दोडके, भोपळे असे रचलेले की सगळी देठं एका दिशेला. गिऱ्हाइकाने काकडी मोडून बघितली की काकू म्हणायची, "मोडलीस ना? मग लग्न लागलं. आता घरी ने." फार घासाघीस करणाऱ्या पोराला म्हणायची, "जा, आईला विचारून ये. ती तुझ्या वयाची असताना माझ्याशी एवढी भांडत नव्हती."

बुटकी, रुंद, पायात रबरी बूट. नवरा घरीच असतो. गुडघे गेलेत, पण बसल्याजागी सगळी रोपं तोच लावतो. मुलगा ट्रकवर, महिन्यातून दोनदा येतो. शेत आणि ओटा काकू आणि तिची सून बघतात. दोघींचं बोलणं ऐकलं की भांडण चाललंय असं वाटतं. चाललेलंच असतं.

काकूचा राग भडकत नाही, मुरतो. वाटण्या झाल्या तेव्हा तिच्या दिराने बांध कोरला. वीतभर जमीन गिळली. काकूने बांधाला लागून काटेरी झुडपं लावली, आपल्या हद्दीत, पण फांद्या दिराकडे झुकतील अशी. एकोणीस वर्षं ती त्यांना पाणी घालतेय. दिराचं धोतर त्यात इतक्या वेळा फाटलं की शेवटी त्याने पँट शिवली. आणि झालं काय, त्या कुंपणात पाखरं घरटी करू लागली, फुलांवर मधमाश्या आल्या आणि काकूच्या वेलांना दुप्पट काकड्या धरायला लागल्या. कुणी कौतुक केलं की काकू म्हणते, "कसली निसर्गसेवा? मला त्याचं धोतर फाडायचं होतं."

अशा बाईच्या वाटेला आपण गेलो. आपण म्हणजे तुम्ही आणि मी. मी जरा जास्तच.

हातात कायम भोंगा असतो म्हणून मला लोक भोंगाच म्हणतात. शाळा नववीत सुटली. पुढचं सगळं वाचनालयाच्या पायरीवर बसून शिकलो. 'विषमुक्त ताट' नावाची आमची मंडळी आहे. मंडळी म्हणजे मी, एक निवृत्त कारकून आणि कारकुनाची बहीण. भाजीवर मारली जाणारी विषं बंद व्हावीत म्हणून आम्ही ओरडतो, आणि ते ओरडणं खोटं नाही. या गावात खुरपणीला जाणाऱ्या बायकांची नखं काळी पडलेली मी पाहिलीत. त्यामुळे फोटोवाला ते चित्र घेऊन माझ्याकडे आला तेव्हा मला लॉटरी लागल्यासारखं झालं.

फोटोवाल्याचा स्टुडिओ बाजारामागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर. नाल्याकडे उघडणारी मोठी खिडकी, गळ्यात कॅमेरा, बोलण्यात सतत 'भेदक' हा शब्द. त्याचं ते चित्र खरंच भेदक होतं. हिरवे वेल, मधोमध पंप पाठीला घेतलेली बाई, पंपावर कवटी आणि दोन हाडं असलेली चिकटपट्टी, तोंडाला फडकं. फडक्याच्या वर नुसते डोळे, आणि डोळे हसताहेत. बाजूला त्याने तिचंच वाक्य छापलं होतं: 'औषध मारतेय,' ती हसून म्हणाली.

"तिचेच शब्द आहेत?" मी विचारलं.

"अक्षर न अक्षर," तो म्हणाला. "मी विचारलं, काय करताय? ती म्हणाली, औषध मारतेय. मी एक शब्द बदललेला नाही."

मी लाल शाईने त्या चित्राखाली लिहिलं: त्यांचं औषध, आपलं मरण! माझ्या आयुष्यातली सगळ्यात गाजलेली ओळ. चारशे पोस्टरं छापली. शाळेच्या भिंतीवर, दवाखान्यात, बसथांब्यावर लावली. फोटोवाल्याला कुठल्याशा स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं.

तोंडाला फडकं होतं खरं, पण बूट ओळखता येत होते. आठवड्याभरात बाजारात कुजबुज झाली: सात नंबर. काकूच्या ओट्यासमोरून बायका अशा जाऊ लागल्या जसा तिथे खड्डा आहे. सून सांगते, पहिल्या दिवशी तीन भोपळे परत घरी आले, दुसऱ्या दिवशी सगळेच. शेजारच्या आठ नंबरवाल्याची फ्लॉवर मात्र हातोहात खपत होती. ती औषधाच्या हौदात बुडवून काढलेली असते हे त्याचं कुत्रंसुद्धा जाणतं. पण त्याचा फोटो कुणी काढला नव्हता ना! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, आणि दोर वळायला मी बसलो होतो.

मग तक्रारीचा कागद निघाला. सात नंबरच्या ओट्यावर विषारी माल विकला जातो, ओटा काढून घ्यावा. त्रेसष्ठ सह्या. पहिली माझी.

बाजार समितीचा शिपाई नोटीस द्यायला जाईना, तो काकूला घाबरायचा. मी म्हटलं, द्या इकडे. सायकलला टांग मारली आणि शेतावर गेलो. काकू वेलांमध्ये उभी, पाठीला तोच पंप, पंपावर तीच कवटी.

"काकू, सही करा. नोटीस आहे."

"कसली?"

"तुमच्या विषाची."

तिने कागद घेतला. वर सुनावणीची तारीख होती, खाली तक्रारीची नक्कल सह्यांसकट. बोट फिरवत फिरवत पूर्ण वाचला. सगळ्या त्रेसष्ठ सह्या वाचल्या. मधेमधे हुंकार द्यायची. "ही माझ्याकडून वीस वर्षं दोडके नेते," "याच्या पोराच्या बारशाला मी भोपळा दिला होता," असं काहीबाही. मग विचारलं, "पहिली सही कुणाची?"

"माझी."

"अक्षर छान आहे." कागद घडी करून तिने ब्लाउजमध्ये खोचला. "जरा मागे सरक. तिथे वेल आहे."

मी मागे सरकलो आणि तिने माझ्यावर पंप चालवला. केसांपासून चपलेपर्यंत. तोंड उघडं होतं, तोंडातही गेलं.

मी ओरडलो ते थेट हमरस्त्यावर ऐकू गेलं म्हणतात. गोठ्याच्या हौदात उडी मारली. सून दारात उभी राहून पोट धरून हसत होती. तसाच निथळत दवाखान्यात गेलो, डॉक्टरांना म्हटलं, विष गेलंय पोटात, माझा जबाब लिहून घ्या. डॉक्टरांनी माझी बाही नाकाशी नेली.

"दूध नासलं होतं का घरी?"

"विष आहे ते, डॉक्टर!"

"भोंगेसाहेब, ही निवळी आहे. दूध फाडल्यावर खाली उरतं ते पाणी." त्यांनी चिठ्ठी लिहिली. त्यावर लिहिलं होतं: अंघोळ. दिवसातून एकदा, साबण लावून.

ती चिठ्ठी संध्याकाळपर्यंत गावभर झाली. मी चिडलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा शेतावर गेलो. काकू रोपांचे वाफे खुरपत राहिली. सुनेने मला गोठ्यामागे नेलं. तिथे अकरा कॅन ओळीने उभे होते.

मी तिथे जे ऐकलं ते तुम्हालाही ऐकवतो, कारण तुम्ही विचारलं नाहीत. काकू लग्नानंतर वीस वर्षं खरीखुरी विषं मारत होती, सगळे मारतात तशी. एक दिवस सुईत दोरा ओवता येईना. चष्मा बदलला, तरी नाही. दोष डोळ्यांचा नव्हता, हात थरथरत होते. तेव्हा तिने सगळ्या बाटल्या दुकानदाराच्या दारात नेऊन ठेवल्या आणि म्हणाली, तुझं तुला. मग वेलांवर भुरी आली. भुरी म्हणजे पानांवर पिठासारखा पांढरा थर, दहा दिवसांत वेल वाळतो. कुणीतरी सांगितलं, पातळ केलेलं दूध मारून बघ. दूध परवडेना. बाजारामागे लोणी-चीज करणारी डेअरी आहे, तिथे निवळी फुकट मिळत होती. काकूने पाणी मिसळून सकाळच्या उन्हात मारली, भुरी आटोक्यात आली. हे करता करता तिला कळलं की रोज अकरा कॅन निवळी निघते आणि डेअरीवाला ती सरळ नाल्यात ओततो. तुम्हाला आठवतं का, सहा वर्षांपूर्वी नाला कसा होता? पांढरा. मेलेले मासे उलटे तरंगायचे. मग एकाएकी वास गेला, मासे आले, बगळे आले. आपण म्हटलं, बरं झालं, नगरपालिकेने काहीतरी केलं असेल. नगरपालिकेने ढुंकूनही बघितलं नव्हतं. काकू रोज हातगाडी लावून अकराही कॅन उचलत होती. एक वेलांना, बाकीचे पालापाचोळ्याच्या खड्ड्यात, थोडं कोंबड्यांना. दोन दिवसांनी निवळी अशी घाण मारते की नाकाला फडकं बांधल्याशिवाय उभं राहता येत नाही. म्हणून फडकं. आणि पंप जुन्या बाजारातला, कवटीची चिकटपट्टी खरवडली तरी निघेना.

मी वाफ्यांपाशी गेलो. "काकू, मग त्याला औषध का म्हणालात? निवळी म्हणायचं ना!"

तेव्हा ती पहिल्यांदा वळली. "वेलाला भुरी आली होती. भुरी म्हणजे काय?"

"रोग."

"रोगावर देतात त्याला काय म्हणतात?"

मी चपलेने माती उकरू लागलो.

"आमच्यात पंपातून जे जातं ते औषध. निवळी मारली तरी औषध, राख मारली तरी औषध. तुमच्यात औषध म्हणजे मरण होतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तू शिकलेला ना?"

"नववी."

"दिसतंय," ती म्हणाली आणि पुन्हा खुरपायला लागली.

मी सायकलवर बसलो ते कान लाल करून. पण मी मी आहे. लाज वाटली की मला ओरडावंसं वाटतं. तडक फोटोवाल्याकडे गेलो. म्हटलं, ती निवळी होती. तो म्हणाला, "असेल. पण चित्र खोटं नाही. बाई खरी, पंप खरा, वाक्य खरं."

"तुला तेव्हा वास आला नव्हता?"

त्याने कॅमेऱ्याची काच पुसली. "आंबूस काहीतरी आला होता."

"मग विचारलं का नाहीस?"

"उजेड जात होता," तो म्हणाला.

ते वाक्य मी विसरणार नाही. डेअरीवाल्याकडे गेलो. म्हटलं, उद्या समितीपुढे येऊन एवढंच सांग की निवळी तुझी आहे. तो हात जोडून म्हणाला, "दादा, मला यात ओढू नका. निवळी काकू नेते म्हटलं, तर आधी कुठे जायची हे विचारतील." असे हे शूरवीर.

सुनावणी बाजाराच्या सभागृहात झाली. वर पंखा, खाली दीडशे माणसं. अध्यक्षांचं स्वतःचं दुकान कशाचं आहे? बी-बियाणं, खतं आणि औषधं. काकूने बाटल्या ज्याच्या दारात ठेवल्या होत्या तो हाच. हा माणूस गळ्यात हार घालून विषावर न्याय करायला बसला होता. मी उठून सगळं सांगितलं: निवळी, भुरी, नाला. लोक हसले. काल मरण म्हणणारा आज औषध म्हणतोय, कुणीतरी ओरडलं, "भोंग्या, फुकट काकड्या मिळाल्या वाटतं!" मी म्हटलं, प्रयोगशाळेत तपासा. अध्यक्ष म्हणाले, महिना लागेल, बाजार थांबत नाही. मग आठ नंबरवाला उठला. "एवढं साधं आहे तर काकूंनी पिऊन दाखवावं."

टाळ्या पडल्या. काकूने पंप सोबत आणला होता. ती शांतपणे उभी राहिली.

"तू तुझ्या घरची फरशी पुसतोस ना?"

"बायको पुसते."

"ते पाणी तिला पाजतोस?" लोक खिदळले. "ही निवळी चार दिवसांची आहे. वेलाला चालते, माणसाला नाही. मी का पिऊ? तुझ्या फ्लॉवरचा हौद तू पी, मग बघू." आणि खाली बसली. तिच्याकडे बघूनच कळत होतं की आता तिचे तुकडे केले तरी ती पिणार नाही. चोवीस वर्षं ज्यांना खाऊ घातलं त्यांच्यासमोर तोंडाला नळी लावून परीक्षा द्यायची? बरोबर होतं तिचं. तिथेच थांबलं असतं तर अर्धं सभागृह तिच्या बाजूला झालं असतं. लोक हसले होते, आणि हसलेला माणूस निम्मा वळलेला असतो.

पण तिथे मी होतो.

मी उठलो, पंपाचं झाकण उघडलं, स्टीलचा पेला बुडवला आणि "हे घ्या तुमचं विष!" असं ओरडून गटागटा प्यालो. चार दिवसांची निवळी. उन्हात ठेवलेली. सांगू नये ते सांगतो, पेला खाली ठेवायच्या आत सगळं वर आलं. अध्यक्षांच्या टेबलावर, तक्रारीच्या कागदावर, थोडं हारावर. मी गुडघ्यावर बसून ओकत होतो आणि मागे एकच कल्ला: बघा! बघा! विष! बायकांनी पोरं उचलली. कुणीतरी अँब्युलन्स म्हणून ओरडलं. पाच मिनिटांत हात वर झाले आणि ओटा गेला. पुढच्या महिनाअखेरपर्यंत रिकामा ठेवायचा, मग प्लास्टिकच्या बादल्या विकणाऱ्याला द्यायचा.

काकूने पंप पाठीला घेतला. जाताना माझ्याजवळ थांबली. "भोंग्या, आधी मरण लिहिलंस, आता मरून दाखवलंस. आणखी काही उरलंय?"

काही उरलं नव्हतं. तिचं मात्र उरलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डेअरीवाल्याचा फोन आला. मी तिथेच होतो, गोठ्याच्या पायरीवर. हाकललं तरी जात नव्हतो.

"काकू, कॅन भरलेत."

"एक ठेव, माझ्या वेलांपुरता. दहा ओत."

"कुठे ओतू?"

"सहा वर्षांपूर्वी ओतायचास तिथे."

पहिल्या आठवड्यात कुणाला काही कळलं नाही. दुसऱ्या आठवड्यात नाला पांढुरका झाला. तिसऱ्या आठवड्यात बाजारामागच्या गल्लीत कुणी खिडकी उघडेना. फोटोवाल्याकडे लग्नाचे फोटो काढायला आलेली मुलगी सगळ्या फोटोंत नाकावर रुमाल धरून उभी आहे. मागच्या भिंतीवर बक्षीस मिळालेलं चित्र आहे आणि ती बरोबर त्याच्या खाली उभी. भेदक दिसतं. नाल्याला लागूनच असलेल्या अध्यक्षांच्या दुकानात गिऱ्हाईक दारातूनच मागे फिरायचं. मला कसं वाटलं विचाराल, तर मी सायकलवरून त्या गल्लीतून रोज दोनदा जायचो. मुद्दाम. छाती भरून श्वास घ्यायचो.

मग तिघे शेतावर आले: अध्यक्ष, डेअरीवाला, फोटोवाला. काकूने बसायला सांगितलं नाही.

"काकू," अध्यक्ष म्हणाले, "गावाचा विचार करा."

"गाव म्हणजे कोण?"

"काकू, खरंच सहन होत नाही हो वास," फोटोवाला म्हणाला. तिने त्याच्याकडे बघितलं. डोळे हसत होते, अगदी त्या चित्रातल्यासारखे.

"औषध मारा," ती म्हणाली.

अध्यक्षांनी घसा खाकरला. "ओटा परत देऊ. तुम्ही आधीसारखे कॅन न्यायला लागा, आम्ही ठराव मागे घेतो."

"माझाच ओटा मला देणार, वर मी आभार मानू?" काकूने ब्लाउजमधून कागद काढला. तीच नोटीस, घड्यांवर फाटत आलेली. "हे त्रेसष्ठ जण. प्रत्येकाने एकदा यायचं. डेअरीतून एक कॅन उचलायचा, माझ्या खड्ड्यात आणून ओतायचा. मागच्या गल्लीने नाही, बाजारातून. सगळ्यांच्या देखत. त्रेसष्ठावं नाव खोडलं की मी ओट्यावर बसेन आणि दुसऱ्या दिवसापासून अकराही कॅन माझे."

"मोठी माणसं आहेत त्यात," अध्यक्ष म्हणाले. "मुख्याध्यापकबाई आहेत. नाकाला तरी काही बांधू द्या."

"बांधा की. मीही बांधते. फक्त मग कुणी फोटो काढला, तर खाली काय लिहायचं ते आम्ही ठरवू." फोटोवाल्याचा चेहरा उतरला. काकूने वळून खुरपं उचललं. भेट संपली.

ते गेल्यावर सून फणकारली. "आई, हट्ट पुरे. सगळे आले नाहीत तर?"

"तर वास येईल."

"आणि ओटा?"

"गेला तर गेला. आपलं घर वाऱ्याच्या या बाजूला आहे."

"माणसांचं सोडा," सून म्हणाली. "मासे मेले काल. पाण्यावर पालथे पडलेत, ढिगाने. त्यांनी केली होती का सही?"

वाफ्यातली एक ओळ तिने पूर्ण खुरपली, मग दुसरी. नवरा आतून बघत होता. चोवीस वर्षं ओटा आणि सहा वर्षं नाला. दोन्ही तिचेच होते, आणि एकाचा सूड घ्यायला ती दुसऱ्याला मारत होती. मला वाटलं, आता ही हातगाडी काढणार. माझी थोडी निराशाच झाली, खोटं कशाला बोलू?

"भोंग्या," तिने हाक मारली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा. "तुझ्या सायकलला किती कॅन लागतात?"

"दोन. दोन्ही बाजूंना एकेक."

"फेऱ्या किती मारशील?"

"तीन मारतो. त्यापुढे गुडघे बोलतात."

"म्हणजे सहा. उद्यापासून सहा तू आण. माशांपुरते. एक माझा." तिने बोटांवर मोजलं. "चार उरले. ते त्यांचे. त्यांचा वास त्यांना."

"माझं नाव खोडणार ना मग?"

"तुझं सगळ्यात शेवटी."

तेव्हापासून मी रोज सहा कॅन ओढतोय. विजारीवर डाग पडलेत, कपड्यांना तो वास कायमचा बसलाय. कारकुनाच्या बहिणीने चहाला बोलावणं बंद केलं. चारशे पोस्टरांपैकी तीनशे ऐंशी मी नखांनी खरवडून काढली. उरलेली वीस कुठे आहेत ते शोधतोय. नाला पूर्ण साफ नाही. रोजचे चार कॅन अजून जातात, पण परवा एक बगळा परत आलेला पाहिला. उभा होता, विचार करत.

आतापर्यंत नऊ जण आले. दोडके नेणाऱ्या त्या बाई पहिल्या आल्या, रडत आल्या. काकूने त्यांच्याकडून कॅन ओतून घेतला, कागदावर रेघ मारली, एक दोडका हातात दिला आणि म्हणाली, "आता जा." मुख्याध्यापकबाई गाडीतून आल्या, कॅन डिकीत ठेवायचा विचार होता. काकूने परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी त्या चालत आल्या, कॅन काखेत, भर बाजारातून, मान ताठ. मी टाळी वाजवली. डोळ्यांनी जाळलं त्यांनी मला, पण कॅन सांडला नाही. डेअरीवाला आला नाही. त्याची सही नाही ना, तो सुटला. त्याचं मी बघून घेईन, वेगळं. सही अध्यक्षांचीही आहे, ते आले नाहीत. आठ नंबरवाला आला नाही. फोटोवाल्याने निरोप पाठवला की त्याची पाठ दुखते.

महिनाअखेरीला बारा दिवस राहिलेत. बादल्यावाला रोज सात नंबरपाशी येऊन ओट्याची लांबी हातानं मोजून जातो. बाई हट्टी आहे, कागदावरचं एक नाव जरी उरलं तरी ती ओट्यावर पाय ठेवणार नाही, आणि तुम्ही तिच्याकडून माफीची अपेक्षा करत बसू नका. मीही करत नाही.

तुम्ही सही केली असेल तर कधी केली, कुठे केली, दारात उभं राहून केली की चहा पिता पिता, मला पाठ आहे. माझ्याकडे भोंगा आहे आणि अजून आवाज शाबूत आहे. नावं वाचायला मला आवडेल. पण काकू नको म्हणते. तिला तुमचं नाव ऐकायचं नाही, तुमचे हात हवेत. तेव्हा उद्या सकाळी सात वाजता डेअरीच्या मागच्या दाराशी या. जुने कपडे घाला, झाकण घट्ट आहे ना ते आधी बघा, कॅन उचला आणि बाजारातून चालत या. आणि वाटेत कुणी विचारलं, "काय नेताय?" तर मान वर करून सांगा: औषध.